शाश्वत जगण्याची निवड : कोणाची, किती आणि कुठवर?

आमच्या वीजबिलावर मागच्या बारा महिन्यांच्या वापराच्या उभ्या पट्ट्या छापलेल्या असतात. पावसाळ्यात आणि थंडीत त्या दीडशे युनिटांच्या आसपास घुटमळतात, एप्रिल उजाडला की चढू लागतात. गेल्या मे महिन्याची पट्टी २९० वर गेली होती. आपल्याकडे ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तीन माणसांच्या आमच्या घरानं त्या एका महिन्यात नुसत्या विजेपोटी दोनशे किलोंहून अधिक वायू सोडला. एसी किती वाजता बंद करायचा, गीझर किती वेळ चालू ठेवायचा, हे आम्ही ठरवतो. ते ०.७ मात्र आम्ही ठरवत नाही. वीज कोळशावर करायची की उन्हावर, याचा निर्णय दुसरीकडे होतो.

हवामानबदलाला उत्तर म्हणून माणसानं आपली राहणी बदलावी का, आणि बदलली तर त्यातून काय साधतं, हा वाद निदान पन्नास वर्षं चालू आहे. त्याच्या दोन्ही बाजू या एका कागदावर सापडतात. एक बाजू २९० कडे बोट दाखवते, दुसरी ०.७ कडे. दरम्यान २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. वाद आज कुठे येऊन थांबला आहे, ते पाहण्याची ही वेळ आहे.

काटकसरीपासून कार्बनच्या हिशेबापर्यंत

राहणी बदलण्याचा विचार हवामानबदलाच्या कितीतरी आधीचा आहे. जे. सी. कुमारप्पा यांनी स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगवासात ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिलं; ते १९४५मध्ये आलं. निसर्गात सतत नव्यानं येत राहणाऱ्या गोष्टींवर चालणारं अर्थकारण टिकतं आणि एकदाच मिळालेल्या साठ्यावर चालणारं टिकत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. तेव्हा कार्बनचा प्रश्न कोणाच्या मनात नव्हता. कोळसा आणि तेल संपेल एवढीच काळजी होती. ते संपण्याआधीच हवा तापेल, हे पुढे कळलं.

१९७२च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी पर्यावरणाचा प्रश्न गरिबीपासून तोडून पाहता येणार नाही, अशी भूमिका घेतली. १९८७मध्ये ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालानं ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग जगभर नेला. भारतापुरता या चर्चेला खरा कणा दिला तो १९९१मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांच्या पुस्तिकेनं. भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड एकाच तागडीत तोलता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. पहिला जगण्यासाठीचा आहे, दुसरा चैनीचा. तीन दशकं उलटली तरी भारतीय भूमिकेचा पाया तोच आहे. १९९५मध्ये माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी तोच भेद देशाच्या आत आणला. भोवतालच्या निसर्गावर थेट जगणारे लोक एकीकडे, कुठूनही काहीही ओढून आणू शकणारे ‘सर्वभक्षी’ दुसरीकडे, आणि या ओढाताणीत विस्थापित झालेले तिसरे.

मोजमापाचं वेड याच सुमारास सुरू झालं. विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनॅगल यांनी १९९०च्या दशकात ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ची कल्पना मांडली. तिचंच कार्बनपुरतं रूप म्हणजे ‘कार्बन फूटप्रिंट’. हा शब्द घरोघरी पोचवण्यात एका तेलकंपनीचा मोठा वाटा होता. बीपीनं २००४मध्ये आपापला फूटप्रिंट मोजण्याचं गणनयंत्र लोकांपुढे ठेवलं. वादाच्या पुढच्या वळणांत ही गोष्ट पुन:पुन्हा निघते.

अलीकडचे दोन टप्पे महत्त्वाचे. नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘लाइफ’ म्हणजे पर्यावरणपूरक जीवनशैलीची हाक दिली. ऑक्टोबर २०२२मध्ये केवडियाच्या एकतानगरात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांच्या उपस्थितीत तिचं अभियान झालं. त्याआधी ऑगस्टमध्ये भारतानं पॅरिस कराराखालच्या आपल्या सुधारित उद्दिष्टांतही जीवनशैलीचा उल्लेख केला होता. एप्रिल २०२२मध्ये आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालाच्या तिसऱ्या गटानं मागणीच्या बाजूला प्रथमच स्वतंत्र अध्याय दिला. जॉयश्री रॉय या भारतीय अर्थतज्ज्ञ त्या अध्यायाच्या समन्वयक लेखकांपैकी एक होत्या. ‘लोकांनी काय वापरावं’ हा प्रश्न प्रवचनातून उठून धोरणाच्या टेबलावर आला, तो इथे.

‘आधी आपलं घर’ म्हणणारे

या बाजूचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे आयपीसीसीच्या त्याच अध्यायातला आकडा. अन्न, प्रवास, घरं आणि वस्तू यांच्या वापरात मागणीकडून बदल झाला, तर २०५०पर्यंत या क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्के घटू शकतं. हा आकडा सभांमधून बऱ्याचदा अर्धवट सांगितला जातो. तो फक्त माणसाच्या सवयींचा नाही. रस्ते, इमारती आणि तंत्रज्ञान सवयींना साथ देतील, असं धरून तो काढलेला आहे.

सवयींपैकी कोणती किती मोलाची, यावर २०१७मध्ये सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस यांचा अभ्यास आला आणि गाजला. मोटार सोडणं, विमानप्रवास टाळणं, शाकाहाराकडे वळणं यांचा परिणाम मोठा. दिवे बदलणं आणि कचरा वेगळा करणं यांचा त्यामानानं लहान. एक मूल कमी असणं हा सगळ्यात मोठा उपाय त्यांनी दाखवला, त्यावर कडाडून टीका झाली. पुढच्या पिढ्यांचं उत्सर्जन आजच्या आईबापांच्या नावावर चढवण्याचा तो हिशेब मलाही पटत नाही. पण आपण नेमके लहान उपाय मोठ्या निष्ठेनं करतो आणि मोठे टाळतो, हे त्यांचं निरीक्षण नाकारता येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क विमानानं जाऊन येण्याचा माणशी हिशेब दोन टनांच्या घरात जातो. सरासरी भारतीयाचा वर्षाचा कार्बन डायऑक्साइड साधारण तेवढाच. कापडी पिशवीनं ती फेरी फिटत नाही.

सवयी लागट असतात, हा या बाजूचा दुसरा मुद्दा. एका छपरावर सौर पॅनल दिसले की आजूबाजूच्या छपरांवरही ते येऊ लागतात, हे कॅलिफोर्नियातल्या अभ्यासांत दिसलं आहे. तिसरा मुद्दा कार्बनच्या पलीकडचा आहे आणि मराठीत तो दिलीप कुलकर्णी यांनी सातत्यानं मांडला. दापोलीजवळच्या कुडावळे गावात राहून लिहिणाऱ्या कुलकर्णींच्या ‘निसर्गायण’सारख्या पुस्तकांनी आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकानं इथल्या एका पिढीला गरजा कमी करण्याचा विचार दिला. साधं जगणं हा त्याग आहे, हे गृहीतच त्यांना मान्य नाही. त्या जगण्यात अधिक सुख आहे, असं ते म्हणतात. हवामानबदल उद्या थांबला तरी त्यांचा युक्तिवाद उभा राहतो, हे त्याचं बळ.

‘आधी व्यवस्था’ म्हणणारे

दुसरी बाजू बीपीच्या गणनयंत्रापासून सुरू होते. तेल विकणाऱ्यानं तेल जाळणाऱ्याला जबाबदारीचा हिशेब मांडायला सांगितलं, यात दिशाभूल होती, असं हवामानशास्त्रज्ञ मायकेल मान यांनी २०२१च्या ‘द न्यू क्लायमेट वॉर’मध्ये लिहिलं. लोक एकमेकांचे डबे आणि तिकिटं तपासत बसले की कायदे आणि कर यांवरचं लक्ष उडतं, ही त्यांची मुख्य तक्रार. मान स्वत: वैयक्तिक बदलाच्या विरोधात नाहीत, हे अनेकदा वगळलं जातं.

या बाजूला सगळ्यात बोलका पुरावा करोनानं दिला. एप्रिल २०२०मध्ये जग घरात बसलं होतं, विमानं जमिनीवर होती, रस्ते ओस होते. त्या महिन्यात रोजचं उत्सर्जन एका टप्प्यावर १७ टक्क्यांनी उतरलं. पूर्ण वर्षाची घट पाच-सहा टक्क्यांच्या पलीकडे गेली नाही. माणसानं जवळजवळ सगळं थांबवलं तरी वीजकेंद्रं, पोलाद आणि सिमेंट यांचं बरंचसं चालूच राहिलं. मुंबईच्या मार्च २०२२च्या हवामान कृती आराखड्यात तेच दिसतं. शहराच्या उत्सर्जनाचा ७२ टक्के भाग ऊर्जेचा, वीस टक्के वाहतुकीचा आणि आठ टक्के कचऱ्याचा; आणि शहराची वीज मुख्यत: कोळशाची. मुंबईकर लोकलनं जातो, लहान घरात राहतो, त्याच्या राहणीत आणखी काय काढून टाकायचं?

जुना इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्सही इथे हजर असतो. इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी नाही, उलट जास्त जळतो, असं त्यानं १८६५मध्येच लिहून ठेवलं होतं. वाचलेला पैसा दुसऱ्या वापराला वाट देतो.

घरातल्या बायकांवर पडणाऱ्या भाराबद्दल मात्र दोन्ही बाजू कमी बोलतात. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. ओला-सुका वेगळा करणं, खताचा डबा हलवणं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणं, प्लास्टिकऐवजी फडकी वापरून ती पुन्हा धुणं ही सगळी कामं या २९९ मध्ये भरली जातात. ‘आमच्या घरी शून्य कचरा’ असं अभिमानानं सांगितलं जातं, तेव्हा तो शून्य कोणाच्या हातांनी आला, हे विचारायला हवं. मी स्वयंपाकघरातला खताचा डबा स्वत: हलवायला लागलो तेव्हा मला कळलं, की त्याला दर दोन दिवसांनी कोरडा पाला लागतो आणि तो आणायलाही कोणीतरी लागतं.

कोणाच्या वाट्याचं?

पाश्चात्त्य देशांतला हा वाद आपल्याकडे आला की त्याचा आकार बदलतो. आयपीसीसीच्या अहवालानुसार जगातली सर्वाधिक उत्सर्जन करणारी दहा टक्के कुटुंबं घरगुती वापरातल्या ३४ ते ४५ टक्के उत्सर्जनाला कारण होतात, खालची निम्मी कुटुंबं १३ ते १५ टक्क्यांना. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाच टनांजवळ, भारतात दोन टनांच्या आसपास. २०१८मध्ये जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या निम्म्याहून अधिक उत्सर्जनाला लोकसंख्येतला एक टक्का जबाबदार होता, असं २०२०च्या एका अभ्यासानं दाखवलं.

मग इथल्या बहुसंख्यांना ‘कमी करा’ म्हणण्यात काय अर्थ? बोहारणीला जुने कपडे देऊन पातेलं घेणं, कल्हईवाल्याकडून भांडी उजळून घेणं, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणं, फाटल्या शर्टाला रफू, पंखा बिघडला तर कॉइल बदलून पुन्हा वीस वर्षं. हे सगळं आपल्या घरांत होतं आणि खेड्यांत, वस्त्यांत अजून आहे. त्याला कोणी शाश्वत म्हटलं नव्हतं. पैसा नव्हता म्हणून ते होतं. आणि त्याच घरातल्या चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे आणि फुप्फुसं जात होती. २०१६च्या उज्ज्वला योजनेतून आलेल्या सिलिंडरनं कार्बनच्या हिशेबात थोडी भर पडली असेलही, पण ती कमी करा म्हणणं अन्यायाचं होईल.

माझं मत इथे स्पष्ट आहे. आपल्याकडे शाश्वत जगणं बहुतेकांच्या वाट्याला निवडीनं आलं नाही, नाइलाजानं आलं. निवड त्याच्याकडे असते ज्याच्याकडे पर्याय असतो. म्हणून भारतातला प्रश्न ‘कमी कसं करायचं’ एवढाच उरत नाही. हातात पैसा आल्यावर कोणत्या वाटेनं वर जायचं, हा इथला अवघड भाग आहे. गोधडी सोडल्यावर माणूस रजई घेतो की दर दोन वर्षांनी नवं ब्लँकेट, हे त्या वळणावर ठरतं. विकल्प संगमसारख्या उपक्रमांतून आशीष कोठारी आणि त्यांचे सहकारी वाढीच्या पलीकडच्या वाटा शोधत आहेत. रोजगार आणि वीज यांची भूक आधी भागली पाहिजे, असं मानणारे अर्थतज्ज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत. दोन्हीकडची माणसं गरिबांच्याच नावानं बोलतात, आणि तो मतभेद मिटलेला नाही.

मधली जागा

एक माणूस आणि एक सरकार यांच्यामध्ये बरंच काही असतं: सोसायटी, गाव, वॉर्ड, शहर. पुरावा तपासला तर सगळ्यात ठोस बदल याच जागेत झालेला दिसतो, आणि वादात तिलाच सगळ्यात कमी वेळ मिळतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना पाणलोटासाठी माहीत आहे. मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पावसाळा संपला की गावात पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिकं किती घ्यायची, ते ठरतं. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाल्यानंतर हळूहळू रुजलेली ही पद्धत. यात कोणाच्या मनाच्या मोठेपणावर भिस्त नाही. शेजाऱ्यानंही बोअर घेतलेली नसते, म्हणून मी घेत नाही. एकट्या शेतकऱ्यानं हाच संयम पाळला असता, तर त्याचं पाणी शेजारच्या उसानं प्यालं असतं.

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३मध्ये उभी राहिली. त्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून २००८पासून दारोदारचा कचरा उचलायला घेतला. सकाळी गाडा उभा करून बाई हात घालते तेव्हा तिची बोटं डोळ्यांच्या आधी ओळखतात: पुठ्ठा, काच, पत्रा, कडक प्लास्टिक, दुधाची पिशवी. प्रत्येकाचा भाव वेगळा. वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र ती बाजूला टाकते, कारण प्लास्टिक आणि धातूचा थर चिकटवलेलं ते पाकीट भंगारवाला घेत नाही. ग्राहकानं ते कितीही मनापासून सुक्या कचऱ्यात टाकलं तरी त्याचं पुढे काही होत नाही. ही गोष्ट कंपनीच्या डिझाइनच्या टेबलावर ठरलेली असते. घरातली शिस्त, बाईचं कौशल्य आणि कारखान्याचा निर्णय अशी तिन्ही टोकं या एका पाकिटात भेटतात.

एलईडी दिव्यांचं उदाहरणही याच जातीचं. सरकारी घाऊक खरेदीत २०१४मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६पर्यंत चाळीसच्या खाली आला. २०१५मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे घरांत गेले. कोणाचं हृदयपरिवर्तन करावं लागलं नाही. जानेवारी २०२०पासून नव्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंशांवर आलं. ग्राहक ते बदलू शकतो, पण पुष्कळ जण बदलत नाहीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानं एक अंश वाढवला की विजेत सुमारे सहा टक्के बचत होते.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि पुणेकर म्हणून ती सांगायला हवीत. सायकलींचं शहर म्हणून पुणं ओळखलं जात होतं. देशातला पहिला बीआरटी मार्ग २००६मध्ये सातारा रस्त्यावर झाला. २०१७मध्ये महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. बीआरटीचे काही पट्टे पुढे उखडले गेले आणि सायकलमार्गांवर आज स्कूटर उभ्या असतात. या शहरात सायकल चालवणं पुण्याचं काम आहे की जिवावरचं, हे चालवणाऱ्यानं सांगावं. रस्ता साथ देत नसेल तर निवड थकते.

अजून न सुटलेलं

‘लाइफ’सारख्या अभियानांचं यश कशानं मोजायचं, यावर एकमत नाही. किती लोकांनी शपथ घेतली हा आकडा सहज मिळतो, पण त्यानं उत्सर्जन किती उतरलं हे सांगणं अवघड आहे. हरित असल्याच्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची अंमलबजावणी कितपत होते, ते पुढे दिसेल. अन्नाबद्दलचा पाश्चात्त्य सल्ला, म्हणजे मांस कमी करा, इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या ताटात गोमांसापेक्षा भात आणि दूध मोठे आहेत, आणि दोन्हींत मिथेन आहे. नाचणी-बाजरीकडे परतण्याची चर्चा २०२३च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात खूप झाली, पण दुकानातलं नाचणीचं बिस्कीट आणि कोकणातल्या वरकस जमिनीवरची नाचणी यांच्यात शेतकऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न तसाच आहे. छपरावरच्या सौर विजेसाठी २०२४च्या सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण त्यासाठी आपलं छप्पर लागतं. भाडेकरूनं आणि सातव्या मजल्यावरच्या माणसानं काय करायचं?

सगळ्यांत कठीण गाठ थंडाव्याची. २०१९मध्ये आलेल्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात देशातल्या सुमारे आठ टक्के घरांत एसी असल्याचं नोंदवलं होतं. उरलेल्यांपैकी किती घेतील आणि कधी, यावर पुढच्या वीस वर्षांतली विजेची मागणी बरीचशी ठरेल. छपराला पांढरा चुना, जाड भिंती, खिडक्यांना छज्जे, वाऱ्याला वाट हे उपाय ठाऊक आहेत आणि स्वस्त आहेत. पण नागपूर-चंद्रपुराकडे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात रात्री दोन वाजताही पंख्याची हवा गरम येते. तिथल्या एखाद्या आईनं हप्त्यावर एसी घेतला, तर तिच्या बिलावरची पट्टी आमच्यासारखीच चढेल. अग्रवाल आणि नारायण यांनी १९९१मध्ये आखलेल्या रेषेच्या कोणत्या बाजूला ती पट्टी मांडायची, हे अजून कोणी ठरवलेलं नाही.